अकरा महिन्यांचा करार आणि भाड्याच्या घराबाबतचे इतर गैरसमज

आयटीआय, पॉलिटेक्निक किंवा पदवी झाली की नाचणगावची बरीच मुले-मुली पुलगाव स्टेशनवरून महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुणे गाठतात, काही नागपूरला जातात. नोकरीचे पत्र हाती असते. घराबाबतचे ज्ञान मात्र आधी गेलेल्या मित्रांकडून ऐकलेले असते. त्यातले बरेच चुकीचे असते आणि त्याचा भुर्दंड पहिल्या पगारातूनच बसतो.

सर्वांत घट्ट बसलेला समज असा, की करार अकरा महिन्यांचा असला म्हणजे नोंदणी लागत नाही. स्टॅम्प पेपर घ्यायचा, नोटरीचा शिक्का मारायचा, झाले. याचे मूळ 1908 च्या नोंदणी कायद्यात आहे. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी त्या कायद्याने सक्तीची केली, म्हणून एक महिना कमी करून अकरा महिन्यांची प्रथा पडली. इतर अनेक राज्यांत ती पळवाट चालते. महाराष्ट्रात चालत नाही. आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 लागू आहे आणि त्याच्या कलम 55 प्रमाणे घर भाड्याने किंवा लीव्ह अँड लायसन्सने देण्याचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मुदत कितीही असो. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे.

याच कलमातली दुसरी गोष्ट भाडेकरूंना कुणी सांगत नाही, म्हणून ती इथे ठळकपणे सांगतो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. त्याने ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि करार लेखी व नोंदणीकृत नसताना अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. "नोंदणी कशाला, विश्वासाचा मामला आहे," असे म्हणणारे मालक स्वतःचेच नुकसान करून घेत असतात.

"नोंदणीला फार पैसे लागतात, रजा टाकून कचेरीत दिवसभर बसावे लागते," हेही खरे नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या 0.25 टक्के असते. त्यात परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरचे वर्षाला 10 टक्के दराने काढलेले व्याज मिळवतात. भाडे 12,000, डिपॉझिट 40,000 आणि मुदत अकरा महिने असेल तर हे शुल्क सुमारे 340 रुपये येते. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000 रुपये. म्हणजे दोन्ही मिळून दीड हजाराच्या आत. वर एजंटचा मेहनताना, तो आधी ठरवून घ्यावा. सगळे काम ऑनलाइन होते: आधार क्रमांक आणि अंगठ्याचा ठसा, तोही घरबसल्या. करार पाच वर्षांपर्यंतचा करता येतो.

मालकांच्या मनातली भीती वेगळी असते: भाडेकरू बारा वर्षे राहिला की घर त्याचे होते. बारा वर्षांचा नियम मुदत कायद्यातला आहे, पण तो मालकाच्या हक्काला आव्हान देऊन ठेवलेल्या ताब्यासाठी. परवानगीने, भाडे देऊन राहणाऱ्याला तो लागू होत नाही. उलट लायसन्सची मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याकडून भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 प्रमाणे दुप्पट दराने भरपाई मागता येते. मुलांनी हेही लक्षात ठेवावे: मुदत संपत आली की नूतनीकरण करा किंवा वेळेत घर सोडा.

डिपॉझिटबद्दल मोबाइलवर एक संदेश फिरतो, की कायद्याने आता दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. ही मर्यादा केंद्राने 2021 मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यातली आहे. तो नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही, आणि महाराष्ट्रात 1999 चाच कायदा चालतो. त्यामुळे रक्कम बोलणीतून ठरते. ती बँकेतून द्या, करारात लिहून घ्या, परत कधी आणि कोणती कपात करून मिळणार तेही लिहा. राहायला जायच्या दिवशी भिंती, नळ, पंखे यांचे फोटो काढून मालकाला पाठवून ठेवा. दलालीचेही तसेच, ती आधी ठरवायची.

"सोसायटीची एनओसी लागते आणि बॅचलरना घर देत नाहीत, तसा नियमच आहे," हे वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळे सांगतात. राज्याच्या आदर्श उपविधींनुसार सभासदाने सोसायटीला आठ दिवस आधी कळवायचे, सोबत कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेली भाडेकरूची माहिती जोडायची. परवानगी मागायची नाही. बॅचलरना बंदी त्या उपविधींत नाही. मालक स्वतः नाही म्हणाला तर इलाज नाही, पण सोसायटीचे नाव पुढे करत असेल तर तो ठराव लेखी मागा. भाड्याने दिलेल्या घरावर सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क घेते, ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. शासनाचा हा आदेश 1 ऑगस्ट 2001 चा आहे. ते मालकाने भरायचे असते.

आता आपल्या भागासाठी सर्वांत महत्त्वाचे. शेजारी पुलगावला केंद्रीय दारूगोळा भांडार आहे, त्यामुळे लष्करी गणवेशावर आपला चटकन विश्वास बसतो. भामटे नेमका तोच वापरतात. स्वस्त फ्लॅटची जाहिरात येते. "मालक" म्हणतो, मी सैन्यात आहे, बदली झाली, हे माझे ओळखपत्र, घर पाहायला गेट पाससाठी थोडे पैसे पाठवा, परत मिळतील. ओळखपत्राचा फोटो काहीच सिद्ध करत नाही. घर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय आणि सूची क्रमांक 2 (घराच्या दस्तनोंदणीचा उतारा) व वीजबिलावरचे नाव मालकाच्या आधारशी जुळवल्याशिवाय टोकनचा एक रुपयाही देऊ नका. पैसे मिळवण्यासाठी कधीही क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही, पिन टाकावा लागत नाही. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका, त्याच क्षणी 1930 या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.