खानदेशातून काश्मीरला : बर्फासाठी टायर कोणता?

मे महिन्यात हॉस्टेलच्या गच्चीवर पाणी ओतून झोपणाऱ्या मंडळींनी बर्फातल्या टायरवरचा लेख वाचायचा, ही जरा गंमतच आहे. पण विषय वाटतो तेवढा परका नाही. रावेर, सावदा, यावल, चोपडा या पट्ट्यातली केळी ट्रकमधून दिल्ली, पंजाब आणि थेट जम्मू-काश्मीरपर्यंत जातात. डिसेंबर-जानेवारीतही जातात. म्हणजे तापीकाठी भरलेला ट्रक चार-पाच दिवसांनी बर्फाच्या रस्त्यावर उभा असू शकतो, आणि त्याच्या चाकात टायर असतात ते आपल्या उन्हाळ्यासाठी घेतलेले.

दुसरे प्रवासी म्हणजे आपणच. अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला आणि मनालीहून भर हिवाळ्यात लाहौलमध्ये उतरणं शक्य झालं. तेव्हापासून सेमिस्टर संपलं, की कुणाच्या तरी काकांची स्कॉर्पिओ नाहीतर बोलेरो काढून मनाली गाठायचे बेत ठरतात. मग रात्री मेसच्या बाहेर चर्चा : टायर कोणते टाकायचे? यावर ठरलेलं उत्तर येतं, "मोठ्या गुटक्यांचे, जाड नक्षीचे टाक भो, कुठंही चढतील." मेकॅनिकलची पोरंसुद्धा हेच सांगतात. हे उत्तर चिखलासाठी ठीक आहे. बर्फासाठी नाही.

आधी चिखलाचंच बघू, कारण तो आपल्या घरचा. आपल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. ते पाणी पितं, फुगतं आणि साबणासारखं होतं. जुलैत शेतरस्त्यावर गाडी फसते तेव्हा टायर नीट बघा. नक्षीच्या सगळ्या खाचा मातीनं भरून गेलेल्या असतात आणि टायरचा नुसता गोल लाडू झालेला असतो. म्हणून चिखलाच्या टायरला मोठे गुटके आणि त्यांच्यामध्ये रुंद मोकळी जागा देतात. चाक फिरलं की माती बाहेर फेकली जावी आणि पुढच्या फेऱ्यात गुटका पुन्हा कोरा होऊन जमिनीत रुतावा, हा त्यातला हेतू. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरची तिरपी नक्षी हेच काम करते.

बर्फात नेमकं उलटं घडतं. बर्फ बर्फाला चिकटतो. लहान मुलं बर्फाचा गोळा दाबून घट्ट करतात ना, तसंच. भुसभुशीत बर्फावर रबर घसरतं, पण नक्षीत दाबून बसलेला बर्फ रस्त्यावरच्या बर्फाला चांगला धरतो. त्यामुळे हिवाळी टायरला आपल्या खाचांमध्ये बर्फ धरून ठेवायचा असतो. एकाला स्वच्छ व्हायचंय, दुसऱ्याला भरून घ्यायचंय. शिवाय हिवाळी टायरच्या प्रत्येक गुटक्यावर ब्लेडनं काप दिल्यासारख्या बारीक चिरा असतात, त्यांना साइप म्हणतात. जॉन साइप या अमेरिकन माणसानं १९२३ मध्ये पेटंट घेतलं त्यावरून हे नाव. ते पेटंट मुळात बुटाच्या तळव्यासाठी होतं! गुटका रस्त्यावर टेकला की या चिरा थोड्या उघडतात आणि एका गुटक्याला एकाऐवजी आठ-दहा कडा मिळतात. या कडा बर्फाला ओरबाडून धरतात. आपल्याकडच्या मड-टेरेन टायरचा गुटका मात्र सलग विटेसारखा. ताज्या खोल बर्फात तो थोडंफार ओढून नेईल, पण गाड्या जाऊन जाऊन दाबून गुळगुळीत झालेल्या बर्फावर त्याच्याकडे कडाच नाहीत.

नक्षी झाली, आता रबर. केळ्याला थंडी बाधते हे आपल्याला माहीत आहे. साधारण १३ अंशांच्या खाली ते काळवंडायला लागतं. रबराचीही तशीच एक गोष्ट आहे. प्रत्येक पॉलिमरला एक तापमान असतं, ज्याच्या खाली तो काचेसारखा ठिसूळ होतो (मटेरियल सायन्समध्ये 'ग्लास ट्रान्झिशन' पाठ केलंय ते हेच). टायरच्या रबराचं हे तापमान शून्याच्या बरंच खाली असतं, पण कडक होणं त्याच्या खूप आधीच सुरू होतं. उन्हाळी टायरचं मिश्रण ७ अंशांच्या आसपास आपला लवचिकपणा घालवायला लागतं, असा ढोबळ आकडा टायर कंपन्या सांगतात. ७ म्हणजे काही स्विच नव्हे, हळूहळू होणारा बदल आहे. हिवाळी टायरमध्ये मऊ मिश्रण वापरतात, त्यात सिलिका जास्त घालतात, म्हणून तो गोठणबिंदूखालीही रस्त्याच्या बारीक खाचखळग्यांत बसतो.

मग तेच टायर कायमचे टाकून का देऊ नयेत? कारण आपण जळगाव-धुळ्यात राहतो. ४५ अंशांच्या दुपारी डांबर ६० च्या वर तापतं. त्यावर हे मऊ रबर खोडरबरासारखं झिजेल, वळणावर गुटके लचकतील आणि ब्रेकिंगचं अंतरही वाढेल. वर्षातले ३६० दिवस धोका पत्करून ५ दिवसांची सोय बघण्यात काही अर्थ नाही.

पहिला हिवाळी टायर मोटारीसाठी नव्हे, ट्रकसाठी बनला होता. १९३४ साली फिनलंडच्या 'सुओमेन गुमितेहदास' या रबर कारखान्यानं तो काढला, दोन वर्षांनी मोटारींसाठी दुसरा आणला. १९६७ मध्ये हा कारखाना, एक केबल कंपनी आणि नोकिया नावाची कागद कंपनी एकत्र झाल्या. होय, तीच मोबाईलवाली नोकिया! तिच्या टायर विभागाची १९८८ मध्ये वेगळी कंपनी झाली. असो.

दुकानात टायर बघताना बाजूच्या भिंतीवरची अक्षरं वाचायची सवय लावा. 'एम+एस' म्हणजे चिखल आणि बर्फ, असं लिहिलेलं दिसतं आणि दुकानदार ते बोट ठेवून दाखवतो. पण ही खूण कंपनी नक्षीच्या आकारावरून स्वतःच देते, त्यासाठी बर्फावर चाचणी द्यावी लागत नाही. खरी खूण वेगळी आहे : तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात बर्फाचा स्फटिक. ही मिळवायला टायरला प्रत्यक्ष बर्फावर पकड सिद्ध करावी लागते. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी टायर म्हणून फक्त ही डोंगराची खूणच धरली जाते, नुसतं 'एम+एस' चालत नाही. काही ऑल-टेरेन टायरांवरही ही खूण असते. आपल्या उन्हात चालणारा आणि बर्फातही अगदीच दगा न देणारा असा मधला मार्ग हवा असेल, तर तो हाच.

आता थोडं गणित. थांबायचं अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले २ × घर्षणांक × ९.८१. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११.१ मीटर. कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.७ धरला तर गाडी ९ मीटरमध्ये थांबते. साध्या टायरवर दाबलेल्या बर्फात तो ०.२ धरला, तर ३१ मीटर. ओल्या काचेसारख्या गोठलेल्या थरावर ०.१ धरला, तर ६३ मीटर, म्हणजे रस्त्यावर एकामागे एक उभ्या केलेल्या पाच-सहा एसटी बस. ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतचे ११ मीटर यात धरलेले नाहीत. हिवाळी टायरनं दाबलेल्या बर्फावरचा घर्षणांक ०.३ च्या आसपास गेला, तर ३१ चे २१ मीटर होतात. सूत्रात एक गोष्ट कुठेच नाही, ती म्हणजे गाडी फोर बाय फोर आहे की नाही. चारही चाकांना ताकद मिळाली तर गाडी निघायला आणि चढायला मदत होते. ब्रेक मात्र प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतातच. म्हणून फोर बाय फोरवाला बर्फात जोरात निघतो आणि वळणावर समजतं, की थांबायचं अंतर बोलेरोइतकंच आहे.

ट्रकचं प्रकरण थोडं निराळं. ट्रकच्या टायरमध्ये नैसर्गिक रबर जास्त असतं, कारण ते चालताना कमी तापतं, आणि ते थंडीतही तुलनेनं बरं वागतं. अडचण नक्षीची आहे. पुढच्या चाकांना बहुतेक जण रिब टायर लावतात. त्याच्या खाचा फक्त लांबीच्या दिशेनं असतात. हायवेवर स्टिअरिंग सरळ राहायला आणि झीज कमी व्हायला ते उत्तम, पण बर्फाला आडवी पकडणारी कडा त्यात जवळजवळ नसते. मागे लग टायर असेल तर निदान आडव्या खाचा मिळतात. मागेही रिमोल्ड केलेले रिब असतील, तर चढावर कठीण.

वजनाचंही बघा. जुलै २०१८ च्या नियमानुसार दोन ॲक्सलच्या ट्रकला पुढे ७ टन आणि मागे ११.५ टन चालतात. म्हणजे भरलेल्या ट्रकचं ६२ टक्के वजन ओढणाऱ्या चाकांवर असतं. घर्षणांक ०.१ असेल तर असा ट्रक फार तर ६ टक्क्यांचा चढ चढेल. रिकाम्या ट्रकमध्ये मागे साधारण निम्मंच वजन येतं, तेव्हा मर्यादा ५ टक्क्यांवर उतरते. घाटातला नेहमीचा चढ असतो ५-६ टक्के! भरलेला ट्रक कसाबसा चढून जातो आणि परतीला रिकामा तिथेच फिरत बसतो, त्याचं कारण हे. सावद्याच्या एका ड्रायव्हरकाकांना मी हे आकडे दाखवले, तर ते हसले. म्हणाले, "भाऊ, आम्ही मागच्या बाहेरच्या चाकाला साखळी बांधतो, दुसऱ्या गिअरला सोडतो आणि ब्रेकवर पाय ठेवत नाही. बाकी तुमचं तुम्ही मोजा."

काकांच्या साखळीतच आपलंही उत्तर आहे. डोंगराच्या खुणेचे टायर नसतील, तर आपल्यासारख्या चार दिवसांच्या पाहुण्यानं चांगल्या हायवे किंवा ऑल-टेरेन टायरवर जावं आणि डिकीत मापाची साखळी ठेवावी. मनालीच्या वर बर्फ पडत असेल, तर पोलीसही बहुधा फोर बाय फोर नाहीतर साखळीवाल्या गाड्याच पुढे सोडतात. साखळी ओढणाऱ्या चाकांना बांधायची. बोलेरोची मागची, बहुतेक छोट्या एसयूव्हींची पुढची. फोर बाय फोरला एकच जोडी असेल तर कुठं, हे गाडीच्या पुस्तकात बघावं. वेग ३०-४० च्या आत ठेवायचा आणि डांबर दिसलं की साखळी उतरवायची, नाहीतर साखळी तुटून मडगार्ड फाडते. निघायच्या आधी हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये एकदा बांधून बघावी. उणे पाच तापमानात, बोटं बधिर झालेली असताना पहिल्यांदा शिकण्यासारखी ही गोष्ट नव्हे.

हवेबद्दल बराच घोळ असतो. कुणी म्हणतं थंडीत हवा कमी होते, कुणी म्हणतं उंचावर वाढते. दोन्ही खरं आहे. जळगावात २८ अंशांना ३२ पीएसआय भरलेला एसयूव्हीचा टायर घ्या. गेज वातावरणाच्या दाबापेक्षा किती जास्त, एवढंच दाखवतो. म्हणून आपले १४.४ मिळवा, ४६.४ झाले. उणे ५ अंशांना केल्व्हिनच्या प्रमाणात ते ४१.३ होतात. श्रीनगर साधारण १६०० मीटरवर आहे, तिथं वातावरण १२.१ च्या आसपास. गेज दाखवेल २९. अटल बोगद्याशी, ३१०० मीटरवर, वातावरण १० च्या जवळपास, म्हणजे गेज ३१. थंडीनं नेलेलं उंचीनं बरंचसं परत दिलं! ट्रकला मात्र उंची एवढी भरपाई देत नाही. ११० पीएसआयचा टायर श्रीनगरात ९९ च्या आसपास दाखवेल, कारण थंडीचा तोटा दाबाच्या प्रमाणात वाढतो आणि उंचीचा फायदा ठरावीकच राहतो. तेव्हा ट्रकवाल्यानं तिकडे सकाळी, टायर गार असताना हवा तपासून भरावी आणि परतताना पुन्हा बघावी. एसयूव्हीवाल्यानं हवा कमी करण्याचे प्रयोग करू नयेत.

शेवटी टायर जुना असेल तर वरचं सगळं फुकट. कायद्यानं मोटारीच्या नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर लागते. ऑस्ट्रियात रेडियल टायर ४ मिलिमीटरच्या खाली गेला, तर त्याला हिवाळी टायर मानतच नाहीत. बर्फात जाताना आपणही ४ हाच आकडा धरावा. मोजायला वर्कशॉपमधला व्हर्नियर घ्या, त्याची मागची बारीक पट्टी खाचेत उतरते. तीन-चार ठिकाणी मोजा, कारण टायर एका बाजूनं जास्त झिजलेला असू शकतो. भिंतीवर चार आकड्यांचा कोड असतो, त्यातले पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. आपल्याकडच्या सहा-सात उन्हाळ्यांत भाजून निघालेल्या टायरवर नक्षी कितीही शिल्लक दिसली, तरी रबर कडक झालेलं असतं. नखानं दाबून बघा आणि स्टेपनीही तशीच तपासा.