ओपन हाउस (वास्तुदर्शन)

ओपन हाउस हा शहरातील एरवी बंद असणाऱ्या वास्तू वर्षातून एकदा, बहुधा शनिवार-रविवारी, सर्वांना विनामूल्य पाहू देण्याचा उपक्रम आहे. फ्रान्समध्ये अशी प्रथा तत्कालीन सांस्कृतिक मंत्री जाक लांग यांनी १९८४ साली सुरू केली. लंडनमधील उपक्रम व्हिक्टोरिया थॉर्नटन यांनी १९९२ साली आरंभिला. फ्रान्समध्ये त्या दिवसांत राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान असलेला एलिझे प्रासादही नागरिकांना आतून पाहता येतो.

महाराष्ट्रात याच्या जवळचा प्रघात म्हणजे जागतिक वारसा सप्ताह (१९ ते २५ नोव्हेंबर). पहिल्या दिवशी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग अजिंठा, वेरूळ, घारापुरी इत्यादी ठिकाणचे प्रवेशशुल्क माफ करतो. मात्र ही लेणी एरवीही खुलीच असल्याने सवलत तिकिटापुरती राहते. चालू कचेऱ्या, न्यायालये यांसारख्या वास्तूंचा प्रश्न त्याने सुटत नाही.

या दृष्टीने मुंबई महानगरपालिकेच्या मुख्यालयाचे उदाहरण अधिक महत्त्वाचे ठरते. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी आराखडा केलेली ही इमारत १८९३ साली पूर्ण झाली. नागरिक तेथे कामापुरतेच जात. जानेवारी २०२१ मध्ये शनिवार-रविवारी मार्गदर्शकासह सभागृहापर्यंत जाऊन वास्तू पाहण्याची सोय सुरू झाली. पण ती सशुल्क होती.