बरगडीवरची टिचकी

मामांना उताणं झोपवलं, उजवा हात डोक्याखाली घ्यायला सांगितला. तपासणी करणाऱ्या मुलीने उजवीकडच्या दोन बरगड्यांमधली जागा बोटाने शोधली, थंडगार जेल लावलं आणि हातातल्या उपकरणाचं टोक तिथे सरळ टेकवलं. "काका, हलू नका हं. टिचकी मारल्यासारखं वाटेल फक्त." टक्. थोडं थांबून पुन्हा टक्. दहा चांगल्या नोंदी मिळाल्या आणि तिने कागदाने जेल पुसून टाकलं. सगळं मिळून दहा मिनिटंही लागली नाहीत. मामा उठून बसले आणि म्हणाले, "एवढंच? यासाठी मला उपाशी ठेवलं व्हय?"

मामा वेल्ह्याच्या पलीकडच्या एका वाडीवरून पहाटे निघाले होते. तालुक्याचं नाव आता राजगड झालं, पण घरात आम्ही वेल्हेच म्हणतो. चेलाडी फाट्यावर गाडी बदलून पुणं गाठेपर्यंत त्यांच्या पोटात चहासुद्धा नव्हता. या तपासणीआधी निदान तीन तास काही खायचं नसतं. जेवणानंतर यकृताकडे जास्त रक्त धावतं, त्याने ते तात्पुरतं ताठर होतं आणि आकडा खोटा वाढतो.

या यंत्राचं नाव फायब्रोस्कॅन. यकृत किती कडक झालं आहे, हे ते मोजतं आणि त्यासाठी शरीराला सुईचं टोकही लावत नाही.

यकृत कडक का होतं, हे गोधडी शिवणाऱ्या बाईला लगेच कळेल. एकाच जागी पुन्हा पुन्हा रफू केलं की कापडाचा मऊपणा जातो, तिथे टाक्यांचंच ताठ ठिगळ तयार होतं. दारू, कावीळ ब आणि क, मधुमेहासोबत येणारी चरबी, यांतलं काहीही वर्षानुवर्षं यकृताला इजा करत राहिलं की शरीर तिथे धाग्यांची डागडुजी करत राहतं. डॉक्टर या जाळीला फायब्रोसिस म्हणतात आणि तिच्या पायऱ्या शून्य ते चार अशा मोजतात. चौथी पायरी म्हणजे सिरॉसिस. वाईट हे, की तिसऱ्या पायरीपर्यंत माणसाला बहुधा काहीच जाणवत नाही. तो नांगर धरतो, गड चढतो, लग्नात जेवतो. नेहमीची सोनोग्राफी चरबी दाखवते, पण सुरुवातीची जाळी तिला दिसत नाही. "सोनोग्राफी नॉर्मल आली" म्हणून निर्धास्त झालेली माणसं मी आमच्याच भावकीत पाहिली आहेत.

यंत्र येण्याआधी हे काम डॉक्टरांचा हात करत होता. पुण्याला या हाताची एक मोठी आठवण आहे. एके काळी सहा महिन्यांपासून तीन-चार वर्षांपर्यंतची मुलं एका दुखण्याने दगावत. पोट फुगलेलं, बाळ किरकिरं, आणि बरगडीखाली बोटं घातली की कडक, धारदार कडेचं यकृत लागायचं. कडेला बोट लागताच अनुभवी डॉक्टरांना पुढचं कळायचं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ब्रिटनच्या स्टुअर्ट टॅनर यांच्यासोबत या मुलांच्या घरच्या दुधाची विचारपूस केली. 1983 साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी बोट ठेवलं ते चुलीवरच्या भांड्यावर. दूध पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात तापवून तसंच ठेवलं की त्यात तांबं उतरतं, आणि तेच दूध तान्ह्या बाळाच्या यकृतात तांबं साठवत जातं. भांडी स्टीलची झाली आणि हा आजार जवळजवळ नाहीसा झाला. कल्हई उडालेलं एक पितळी पातेलं आमच्या माळ्यावर अजून आहे. ते पाहिलं की मला दरवेळी वाटतं, आजीने त्यात कुणाकुणाचं दूध तापवलं असेल?

हात मात्र उशिरा सांगतो. खात्री करायची तर सुई घालून यकृताचा तुकडा काढायचा, म्हणजे बायोप्सी. ते दुखतं, क्वचित रक्तस्रावही होतो, आणि तो तुकडा म्हणजे अख्ख्या यकृताचा जेमतेम पन्नास हजारावा भाग. शिवाय आजार वाढतोय की ओसरतोय हे पाहण्यासाठी दर सहा महिन्यांनी सुई कोण घालून घेईल?

पॅरिसच्या एकोसेन्स कंपनीने नेमकी ही अडचण सोडवली. लॉराँ सँड्रिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये ही पद्धत मांडली. अमेरिकेत तिला 2013 मध्ये परवानगी मिळाली. कपडे वाळत घालायची दोरी ढिली असेल तर टोकाला दिलेल्या झटक्याची लाट रमतगमत जाते, दोरी ताणलेली असेल तर झरकन जाते. मामांना लागलेली टिचकी हाच तो झटका. त्याने यकृतात एक हळू लाट निघते आणि उपकरणातलाच अल्ट्रासाउंड तिचा पाठलाग करून वेग मोजतो. सेकंदाला 1.3 मीटर वेग असेल तर कडकपणा साधारण 5 किलोपास्कल, 2 मीटर असेल तर 12. वेग दुप्पट म्हणजे कडकपणा चौपट. याच तत्त्वावर एमआरआयनेही मोजता येतं. 1995 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये राजा मुथुपिल्लै आणि रिचर्ड एहमन यांच्या गटाने ते दाखवलं. ते जास्त अचूक आहे, पण खर्च पाहता आमच्या तालुक्यातल्या माणसासाठी फायब्रोस्कॅनच खरं.

आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नसतो. ताजी कावीळ असेल किंवा हृदय कमकुवत असेल तरी आकडा चढतो. पोटात पाणी झालं असेल तर या यंत्राने मोजताच येत नाही, कारण पाण्यातून अशी लाट जात नाही. आणि दारू सोडल्यावर काही आठवड्यांत आकडा उतरतो तो आधी सूज उतरल्यामुळे. जाळी विरायला वेळ लागतो.

मामा जेमतेम पंचावन्न किलोचे. दारूला कधी शिवले नाहीत, पण दहा वर्षं मधुमेह आहे. "अशा काटक माणसाला कसलं फॅटी लिव्हर?" असं गावात सगळेच म्हणाले. याचंही उत्तर पुण्यात सापडलेलं आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये ब्रिटिश मित्र जॉन युडकिन यांच्यासोबत स्वतःचाच फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापला. दोघांचा बीएमआय 22.3, पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. पश्चिम बंगालच्या खेड्यांतल्या, 2010 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीतही फॅटी लिव्हर असलेल्यांपैकी तीन चतुर्थांश लोकांचा बीएमआय 25 च्या खाली निघाला.

प्रत्येकाला पुण्याला न्यावं असं मात्र नाही. पहिली चाळण भोरला किंवा वेल्ह्यालाच लागते, तीही कागदावर. रक्ताच्या अहवालात एसजीओटी आणि एसजीपीटी हे यकृताचे दोन आकडे असतात. वयाला एसजीओटीने गुणायचं. प्लेटलेटचा हजारातला आकडा घेऊन त्याला एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणायचं. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. मामांचं वय 60, एसजीओटी 40, एसजीपीटी 36, प्लेटलेट दोन लाख. म्हणजे 2400 भागिले 1200, उत्तर 2. उत्तर 1.3 च्या खाली असेल तर बहुतेकांना घरी पाठवता येतं, 2.67 च्या वर असेल तर लिव्हरच्या डॉक्टरांकडे. मधल्यांसाठी यंत्र. या तिन्ही तपासण्या मधुमेह्याच्या फायलीत बहुतेक वेळा पडलेल्या असतात. कुणीतरी गुणाकार करायला हवा, इतकंच राहतं. मामांच्या कागदावर तो चारेक वर्षं कुणीच केला नव्हता, याचं मला अजून वाईट वाटतं.

यंत्रावर त्यांचा आकडा 9.4 किलोपास्कल आला. 8 च्या खाली असता तर काळजी नव्हती, 12 च्या वर असता तर होती. डॉक्टरांनी साखर आटोक्यात आणायला सांगितली, गोळ्या बदलल्या आणि सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलं. याच यंत्रावर, उपाशीपोटी, म्हणजे दोन आकडे शेजारी ठेवता येतील.

खिडकीवरच्या बाईंनी जुलैतली तारीख लिहून दिली. मामांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि परत पुढे केला. "ताई, तवा आमच्याकडं भाताची लावणी आस्ती. पंधरा दिस फुडं घ्या." बाईंनी तारीख खोडली, ऑगस्टातली लिहिली आणि खाली रेघ मारून "उपाशी" असं लिहून दिलं.