सुट्टीत मुलांना आभाळ दाखवा

(एका ऊस उत्पादक सभासदाकडून)



कारखान्याचा पट्टा पडला, खोडव्याची पाचट कुटी झाली, की मे महिन्यात आपल्याला जरा उसंत मिळते. नेमकी तेव्हाच पोरांना सुट्टी असते. मग पोरे मामाच्या गावाला जातात, विहिरीत डुंबतात, आंबे खातात. त्यात वाईट काहीच नाही. पण या सुट्टीतले दोन-चार दिवस वेगळ्या कामी लावले तर काय होते, याचा आमच्या घरचा अनुभव सांगावा म्हणून हा लेख लिहीत आहे.

गोष्ट २०१९ सालची. आमच्या भागाला त्या आठवड्यात रात्रीची वीज होती. धाकटी मुलगी तेव्हा सातवीत. हट्टाने माझ्याबरोबर मोटार चालू करायला आली. बांधावर उभी राहून तिने विचारले, "अण्णा, ते तीन तारे एका ओळीत कसे काय हो?"

मी म्हणालो, "पुस्तकात असेल बघ."

ती म्हणाली, "पुस्तकात न्हाई, म्हणून तर तुम्हाला इचारलं."

मला उत्तर आले नाही. एकरी किती टन निघाला, उतारा किती लागला, हे मी झोपेतही सांगेन. पण जन्मभर ज्या आभाळाखाली पाणी पाजले, त्यातला एक तारा मला धड सांगता येईना. घरी आल्यावर आमची मंडळी म्हणाली, "अहो, तिला एकदा मुंबईचं तारांगण दाखवून आणूया. खर्चाचं तुम्ही बघू नका, दुधाचं बिल आहे माझ्याकडं." आईलाही मुंबईच्या महालक्ष्मीचे दर्शन घ्यायचे होते. असे आम्ही पाचजण मे महिन्याच्या सुरुवातीला महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईला गेलो.

वरळीचे तारांगण

वरळीला दोन ठिकाणे जवळजवळ आहेत. एक नेहरू तारांगण, ते ३ मार्च १९७७ रोजी सुरू झाले. दुसरे नेहरू विज्ञान केंद्र. त्याचे पहिले दालन १९७७ साली उघडले, मुलांसाठीचे विज्ञान उद्यान १९७९ साली झाले आणि ११ नोव्हेंबर १९८५ रोजी पूर्ण केंद्राचे उद्घाटन झाले. आवारात जुने आगगाडीचे इंजिन आहे आणि आपल्या देशात बनलेले 'मारुत' हे लढाऊ विमानही आहे. आत गेल्यावर 'हात लावू नये' अशी पाटी शोधावी लागते. बहुतेक वस्तू हात लावण्यासाठी, फिरवून बघण्यासाठीच ठेवलेल्या असतात. आमचा थोरला तासभर एकाच दालनातून हलला नाही.

तारांगणात खुर्चीवर मागे रेलून वर घुमटाकडे बघायचे. दिवे मंद होतात, सूर्य मावळतो आणि घुमटावर तारे उगवतात. मी शेजारी बसलेल्या मुलीकडे बघत होतो. तेवढ्यात अंधारातून आईचा आवाज आला, "अगं पोरी, ही तर बाज! हे चार खूर आणि मागं तीन चोर. आणि मावळतीला ते बघ तुझं तिकांडं, खाली कलंडलंय!"

आजूबाजूची माणसे हसली, पण ते कौतुकाने. पोरीला हवे असलेले उत्तर तिच्या आजीजवळच होते. मी कधी विचारलेच नव्हते. बाज म्हणजे सप्तर्षी. तिकांडे म्हणजे मृग नक्षत्रातला तीन ताऱ्यांचा बाण. आई सांगू लागली, "घरात घड्याळ नव्हतं तवा मोटंला जायचं ते तिकांडं बघूनच."

शाळेची पायरी न चढलेली माझी आई त्या दिवशी नातीची मास्तरीण झाली. रोहिणी, मृग, आर्द्रा, हस्त ही पावसाची नक्षत्रे आपण सगळेच बोलतो. पण 'मृग लागला' म्हणजे सूर्य त्या नक्षत्राच्या जागी आला, आणि म्हणूनच त्या दिवसांत मृगाचे तारे रात्री दिसत नाहीत, हे मला तिथे कळले.

घरी करण्यासारखे खेळ

विज्ञान केंद्रांतून सुट्टीत मुलांसाठी आणि पालकांसाठी जे खेळ घेतात, त्यातले बरेच आपल्या अंगणात होतात. आम्ही केले त्यातले चार सांगतो.

पहिला खेळ वजनाचा. चंद्राची ओढ पृथ्वीच्या एक षष्ठांश आहे. साठ किलोचा गडी तिथे स्प्रिंगच्या काट्यावर दहा किलो भरेल, मंगळावर सुमारे तेवीस आणि गुरूवर दीडशे. तीस किलोची उसाची मोळी चंद्रावर पाच किलोची होईल. मात्र मोळीतला ऊस आणि रस तेवढाच राहतो, फक्त ओढ कमी होते. चंद्रावर कोणी कारखाना काढला तर काटा कसला आहे हे आधी बघून घ्यावे, नाहीतर बिल सहावा हिस्साच हातात पडायचे!

दुसरा खेळ अंतराचा. एक मीटर व्यासाचे वर्तुळ पुठ्ठ्यावर कापा. तो सूर्य. या मापाने पृथ्वी म्हणजे नऊ मिलिमीटरचा, हरभऱ्याएवढा दाणा. तो सूर्यापासून १०७ मीटरवर ठेवायचा. चंद्र मोहरीहून किंचित मोठा, हरभऱ्यापासून वीतभरापेक्षा थोडा दूर. गुरू म्हणजे दहा सेंटिमीटरचे मोठे मोसंबे, साडेपाचशे मीटरच्या पुढे. शेवटचा नेपच्यून सव्वातीन किलोमीटरवर. आमच्या पोरांनी सूर्य वाड्याच्या दारात टांगला आणि मोसंबे घेऊन थेट ओढ्यापर्यंत गेली. नेपच्यून सायकलवरून शेजारच्या गावात पोचवावा लागला. आणि सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा? तो याच मापाने सुमारे २९ हजार किलोमीटरवर येतो. म्हणजे पृथ्वीला जवळजवळ पाऊण फेरी!

तिसरा खेळ पाण्याच्या अग्निबाणाचा. प्लॅस्टिकच्या बाटलीत एक तृतीयांश पाणी घ्या, सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवलेले बूच घट्ट लावा, बाटली उलटी उभी करून पंपाने हवा भरा. दाब वाढला की बूच सुटते, पाणी जोराने खाली जाते आणि बाटली वर उडते. खऱ्या अग्निबाणात पाण्याच्या जागी जळालेले वायू असतात, तत्त्व तेच. हा खेळ मोकळ्या रानात, मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच करावा आणि बाटलीवर कोणी वाकू नये.

चौथा खेळ बिनसावलीचा. मे महिन्यात एका दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली तिच्या पायातच गडप होते. कोल्हापूर-सांगलीकडे हे ६-७ मेला घडते, सातारा-सोलापूरकडे १०-११ मेला, पुण्याला १३-१४ मेला, तर अहिल्यानगर-मुंबईकडे १५-१६ मेला. वेळ साधारण साडेबाराची. ऑगस्टच्या आगेमागे असा दिवस पुन्हा येतो, पण तेव्हा ढग असतात. दिल्लीला हा दिवस कधीच येत नाही, कारण ती कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे. मुंबईहून परतल्यावर आम्ही खळ्यात ओळंबा लावून कांडके रोवले. सावली गेली तशी पोरांनी आरोळी ठोकली आणि शेजारची माणसेही बघायला जमली. सूर्याकडे मात्र उघड्या डोळ्यांनी कोणी बघू नये, बघायचे ते जमिनीकडे.

हे आपल्यापासून लांब नाही

काही जण म्हणतील, ऊसवाल्याला अवकाशाशी काय करायचे आहे? त्यांना दोन गोष्टी सांगतो. वालचंदनगरच्या ज्या कारखानदारीत साखर कारखान्यांची यंत्रसामग्री तयार झाली, तिथेच इस्रोच्या अग्निबाणांच्या मोटारींची पोलादी कवचेही तयार झाली. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या भागात उतरले, तेव्हा आपण सगळे टीव्हीपुढे बसलो होतो. त्या कामात उसाच्या पट्ट्यातल्या कारागिरांचे हात लागलेले आहेत.

दुसरी गोष्ट, डॉ. जयंत नारळीकर यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापूरला झाला. त्यांनी पुण्यात उभ्या केलेल्या 'आयुका' संस्थेत शाळकरी मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. तिच्या इमारतीचे नाव 'पुलस्त्य'. पुलस्त्य हा सप्तर्षींतला, म्हणजे आपल्या बाजेतलाच एक तारा. पुण्याच्याच टिळक रोडवरील न्यू इंग्लिश स्कूलमध्ये तर १९५४ सालीच तारांगण झाले होते. तेव्हा मुंबई लांब वाटत असेल त्याने पुणे गाठावे. निघण्यापूर्वी वेळा, तिकीट आणि कोणता खेळ मराठीतून आहे याची चौकशी करावी, म्हणजे हेलपाटा पडत नाही.

एक विनंती

आपला कारखाना ऊस विकास मेळावे घेतो, सभासदांच्या अभ्यास सहली काढतो. त्याच धर्तीवर उन्हाळ्याच्या सुट्टीत सभासदांच्या मुला-मुलींसाठी एक विज्ञान सहल काढता येईल का, याचा विचार संचालक मंडळाने आणि आपण सर्वांनी करावा. ऊसतोड कामगारांच्या पोरांना त्यात जागा ठेवावी, असेही माझे मत आहे. त्यांच्या आयांनी पहाटेचे तारे आपल्यापेक्षा जास्त पाहिले आहेत.

आमची धाकटी आता विज्ञान शाखेला आहे. पुढे काय व्हायचे ते तिचे तिने ठरवावे. आई दोन वर्षांपूर्वी गेली. पण मुंबईहून येताना गाडीत मुलीने आजीला विचारून एक वही लिहून काढली होती. कोणत्या महिन्यात बाज कुठे असते, तिकांडे कधी मावळते, शुक्राची चांदणी उगवल्यावर कोणते काम धरायचे. ती वही घरात आहे.

आपल्या घरातही असे कोणी तरी असेल. या सुट्टीत पोरांना त्यांच्याजवळ बसवा आणि मग सगळ्यांनाच घेऊन तारांगण बघायला जा. उसाचे बिल येते आणि जाते. हे मात्र विचारायचे राहून गेले, तर पुन्हा विचारता येत नाही.