आमवात : दोन भेटींमधील काळ

आमवात हा केवळ वार्धक्याचा विकार नव्हे. यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते व सूज वर्षानुवर्षे टिकते. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली सुरू झालेल्या पाहणीत प्रौढांमध्ये सुमारे दोनशेंत एक असे रुग्ण आढळले.

मुरुमच्या रुग्णांस तज्ज्ञांसाठी सोलापूर गाठावे लागते. मधले महिने घरच्यांनाच निभवावे लागतात. म्हणून आम्ही कुटुंबीयांस आग्रहाने सांगतो : मेथोट्रेक्सेट दिले असल्यास ते आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यावे, रोज घेतल्यास जिवावर बेतते. तोंड आल्यास, ताप वा धाप लागल्यास पुढील मात्रेपूर्वी त्वरित रुग्णालयात यावे. बरे वाटले म्हणून औषध सोडू नये, रक्ततपासणी चुकवू नये. देणगीदारांच्या साहाय्याचे खरे मोल या नियमित तपासण्यांतच आहे.