तीन दिवसांची सुटी आणि घारापुरी

शनिवार-रविवारास जोडून सोमवारची सुटी आली, कीं वाकोल्यांत घरोघरीं सहलीचे बेत सुरू होतात. कॅरिबियन बेटें इतक्या अवधींत कोठलीं! आम्हांस घारापुरी बरी. मात्र सोमवारचा बेत करूं नये. त्या दिवशीं लेणीं बंद असतात. शनिवारीं सकाळीं सांताक्रूझहून चर्चगेट गांठावें व अपोलो बंदरावर लाँचेंत बसावें. सुमारें तासाभरांत बेट येतें. पुढें सुमारें 120 पायऱ्या आहेत; वडील माणसांस मध्यें विसावा द्यावा, आणि शिदोरी माकडांपासून जपावी. आंत सुमारें 20 फूट उंचीची त्रिमुखी शिवमूर्ति आहे. तिजपुढें घाई नको. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनीं बेटास एलिफंटा म्हटलें, तो आतां भायखळ्यास राणीच्या बागेशेजारीं आहे; तो रविवारीं पाहावा. बेटावर पर्यटकांस मुक्काम करतां येत नाहीं. सबब परतीच्या शेवटच्या लाँचेची वेळ उतरतांच विचारून ठेवावी.