रंगाच्या कारखान्यातील कर्करोग

विल्यम हेन्री पर्किन हा अठरा वर्षांचा इंग्रज विद्यार्थी १८५६ साली हिवतापावरील क्विनीन कृत्रिम रीतीने बनविण्याच्या खटपटीत होता. क्विनीन काही हाती लागले नाही. परंतु दगडी कोळशाच्या डांबरातून मिळणाऱ्या द्रव्यांपासून त्याला एक सुंदर जांभळा रंग मिळाला. पुढील काही दशकांत कृत्रिम रंजकद्रव्यांचे मोठमोठे कारखाने, विशेषतः जर्मनीत, उभे राहिले आणि मंजिष्ठ व नीळ ह्या वनस्पतिज रंगांची सद्दी संपली.

ह्या कारखान्यांतील कामगारांच्या एका आजाराकडे फ्रँकफुर्ट येथील लुडविग रेन ह्या शल्यविशारदाचे लक्ष गेले. मूत्रावाटे रक्त जाण्याची तक्रार घेऊन आलेल्या काही रुग्णांना मूत्राशयाचा कर्करोग झालेला होता, आणि ते सारे फुक्सिन नावाचा किरमिजी रंग बनविण्याच्या कामावर होते. रेनने १८९५ मध्ये ही माहिती प्रसिद्ध केली. रुग्ण अगदी थोडे होते. पण रुग्णाला त्याचा धंदा विचारण्याची दक्षता रेनने घेतली, म्हणूनच हा संबंध उघडकीस आला. त्याने संशय धरला तो ॲनिलिनवर, आणि 'ॲनिलिन-कर्करोग' हे नाव रूढ झाले. नाव टिकले, पण खरा अपराधी निराळाच होता.

तो शोधणे सोपे नव्हते. एकाच छपराखाली कामगाराचा अनेक द्रव्यांशी संबंध येई. शिवाय रोग प्रकट होण्यास कित्येक वर्षे लागत. तोवर कामगाराने ती नोकरी सोडलेलीही असे. सशांवर व उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून निर्णायक असे काही निघेना. अखेर १९३८ मध्ये अमेरिकेत व्हिल्हेल्म ह्यूपर व त्याच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांना बीटा-नॅफ्थिलअमाइन हे द्रव्य दीर्घकाळ दिले, तेव्हा त्यांच्या मूत्राशयांत माणसांप्रमाणेच अर्बुदे उत्पन्न झाली.

कुत्र्यातच हे का घडावे, ह्याचा उलगडा पुढे झाला. हे द्रव्य श्वासावाटे किंवा त्वचेतून शरीरात शिरते, ते स्वतः फारसे क्रियाशील नसते. यकृतात त्याच्या नायट्रोजनला ऑक्सिजन व हायड्रोजन यांचा एक गट जोडला जातो. नंतर ते शर्करेपासून बनलेल्या एका अम्लाशी बांधले जाऊन पाण्यात विरघळण्याजोगे होते व मूत्रपिंडाकडे जाते. शरीराच्या दृष्टीने ही विष बाहेर टाकण्याचीच व्यवस्था होय. परंतु मूत्र किंचित अम्लधर्मी असेल तर ही बांधणी मूत्राशयात सुटते, आणि मोकळा झालेला क्रियाशील अंश अस्तराच्या पेशींतील डी.एन.ए.शी जखडला जातो. मूत्र तेथे तासन्‌तास साठून राहते. म्हणून आघात नेमका तेथेच होतो. बहुतेक प्राण्यांचे यकृत अशा द्रव्यांना ॲसिटिल गट जोडून त्यांचा उपद्रव काहीसा कमी करू शकते. कुत्र्याच्या यकृतात ही शक्ती नाही.

माणसांविषयीचा सबळ पुरावा १९५४ मध्ये ब्रिटनमध्ये पुढे आला. डॉ. आर. ए. एम. केस व त्यांच्या सहकाऱ्यांनी रासायनिक कारखान्यांतील कामगारांच्या याद्या मृत्यूच्या दाखल्यांशी ताडून पाहिल्या. बीटा-नॅफ्थिलअमाइन व बेंझिडीन ह्यांच्याशी संबंध आलेल्यांत मूत्राशयाच्या कर्करोगाचे प्रमाण अपेक्षेहून कितीतरी पटींनी अधिक आढळले. संपर्कापासून रोगापर्यंतचा काळ सरासरी सुमारे अठरा वर्षांचा होता. बीटा-नॅफ्थिलअमाइनचे ऊर्ध्वपातन करणाऱ्या एका लहानशा गटातील तर प्रत्येक कामगाराला हा रोग जडल्याची नोंद आहे. ॲनिलिनविरुद्ध मात्र पुरावा मिळाला नाही.

ब्रिटनमध्ये बीटा-नॅफ्थिलअमाइनचे उत्पादन १९४९ मध्येच थांबले होते. तरीही त्याचा अंश रबर टिकाऊ करण्यासाठी मिसळल्या जाणाऱ्या काही द्रव्यांत अशुद्धीच्या रूपाने राहिला होता. त्यामुळे रंगाशी काडीचाही संबंध नसलेले रबर व विद्युत्‌तारांच्या कारखान्यांतील कामगारही ह्या रोगाला बळी पडले. तंबाखूच्या धुरातही हे द्रव्य अल्प प्रमाणात असते. भारतात बेंझिडीनपासून बनणारे रंग हाताळण्यास १९९३ पासून मनाई आहे. परंतु बंदी आली तरी पूर्वी झालेल्या संपर्काचा परिणाम पुसला जात नाही. म्हणून अशा कामावर एकेकाळी असलेल्यांच्या मूत्राची तपासणी, ते निवृत्त झाल्यानंतरही, ठराविक काळाने करावी लागते.